उठा, गाडी येईल

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये माणसांपेक्षा खुर्च्या कमी होत्या, तरी एक खुर्ची कायम रिकामी असायची. ती विज्ञानाच्या सरांची. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी नेमकी तिच्यावर जाऊन बसले आणि मग कुणीतरी सांगितलं की ही सरांची. मी दचकून उठायला लागले, तर सर दारातून आत येत म्हणाले, "बसा मॅडम, बसा. मी तिच्यावर आजवर बसलो नाई, पुढंबी बसाचा नाई." एका हातात चहाचा ग्लास, दुसऱ्या हातात खडू. खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत त्यांनी अर्धा चहा संपवला, उरलेला कुठल्याशा कोनाड्यात ठेवला आणि विसरून गेले. आमच्या शाळेत मुंग्या फार. त्यांचं मूळ मला त्याच आठवड्यात सापडलं.

"बसलं का गंजलं," हे सरांचं ब्रीद होतं. पेपर ते उभ्यानं तपासायचे, खिडकीच्या कठड्यावर गठ्ठा ठेवून. कुणी पालक भेटायला आला तर त्याला मैदानाला चकरा मारत मारत बोलावं लागे. बिचारा पालक पोराची तक्रार ऐकायला आलेला असायचा आणि धापा टाकत परत जायचा. आमचे मुख्याध्यापक तेलुगू होते, मोठे शांत गृहस्थ. ते हात जोडून म्हणायचे, "सर, आप बैठिए. आपको देख के मेरा बीपी बढ़ता है." यावर सर म्हणायचे, "मैं बैठा तो मेरा बढ़ेगा, सर," आणि चालू लागायचे.

उंच, काटकुळे, चपलांच्या टाचा एका बाजूनं झिजलेल्या. पँटच्या पायांना बाराही महिने कुसळं चिकटलेली असत. शाळेची घंटा व्हायच्या आधी हा माणूस कुठून तरी रान तुडवून आलेला आहे, हे पाहताक्षणी कळायचं. कुठून, ते मात्र गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सर लाइनवरून आलेले असत.

गावाच्या मागून एक रेल्वेलाइन जाते. मुख्य लाइन नव्हे. आदिलाबादच्या बाजूनं फुटून जैनथच्या अंगाला, एका कारखान्यापर्यंत टाकलेली, निव्वळ मालगाडीची लाइन. पुढं कारखान्याला कुलूप लागलं, मालगाडी बंद झाली आणि लाइन तिथंच राहिली. मी या गावात लग्न होऊन आले तेव्हा तिच्यावर गाडी सोडून बाकी सगळं चालायचं. मिरच्या वाळायच्या, गोवऱ्या थापल्या जायच्या, रुळाला बैल बांधलेले असायचे. हिवाळ्यात सकाळच्या उन्हात रुळावर बसून म्हाताऱ्यांचा पत्त्यांचा डाव रंगायचा. रूळ म्हणजे बसायला आयतं बाक.

आणि रोज सकाळी या सगळ्यांमधून सर जायचे, हातात लांब दांड्याचा हातोडा. रुळावर ठिकठिकाणी ठोकायचे, कान देऊन ऐकायचे, पुढं व्हायचे. रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी कुठं ढिली झाली असली तर तिला ठोकून बसवायचे. वाटेत कुणी बसलेलं दिसलं की म्हणायचे, "उठा, गाडी येईल." एरवी ते आमच्याकडची बोली बोलायचे, पण हे एवढं वाक्य स्टेशनवरच्या भोंग्यासारखं शुद्ध. म्हातारे उठायचे, सर पुढं गेले की पुन्हा बसायचे. दोन्हीकडून कुणाला काही राग नव्हता.

एका लग्नाची गोष्ट गावात अजून सांगतात. मांडवाचा एक खांब रुळांच्या मधोमध रोवला होता आणि पंगत लाइनवरच बसली होती. वरणभात वाढून झाला, तूप फिरत होतं, तेवढ्यात सर हजर. "उठा, गाडी येईल." नवरदेवाचा मामा यवतमाळकडचा, त्याला काय माहीत. तो ताट घेऊन खरोखरच पळाला आणि त्याच्यामागं सगळी वऱ्हाडी मंडळी पळाली. गाववाले हसून लोळायला लागले तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

"कवा येते तुमची गाडी?" मामा भडकून म्हणाला.

"बंद पडली तवापासून नाई आली," सर म्हणाले.

"मंग भरल्या ताटावरून उठवलं काऊन?"

"आली तं सांगाले वेळ भेटनार नाई ना, बापा."

खांब मात्र हलवून घेतला तेव्हाच ते जेवायला थांबले. जेवले तेही उभ्यानं.

आता हे सगळं वेडेपणाचं वाटतं आणि मलाही तेव्हा तसंच वाटायचं. पण एकदा सहलीला मुलांना घेऊन निघालो होतो, बस बिघडली, आणि रस्त्याच्या कडेनं येरझाऱ्या घालता घालता सरांनी मला त्यांच्या घरचं सांगितलं. त्यांचे आजोबा दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते. वडीलही तेच झाले असते. पण लाइन पडली आणि वडील तिच्या देखभालीला गँगमन लागले. घरात पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार आला. सर शिकले, बहिणी शिकल्या, त्यांच्या बौद्ध वस्तीतली आणखी पोरं त्यांच्या मागून शिकली. "आमचं घर शेतातून उठलं आन् रुळावर आलं, मॅडम," ते म्हणाले. लाइन बंद झाली त्या दिवशी वडिलांनी हातोडा दाराआड ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी उचलला आणि परत लाइनवर गेले. मरेपर्यंत जात राहिले. त्यानंतर हातोडा सरांकडे आला.

"आता कोणाची ड्यूटी करताय?" मी विचारलं.

"कोनाची नाई. पन वस्तीतली पोरं पाहा ना. सारी हैदराबादले जाऊन राह्यली, पोते उचलाले. हेच पोते इथं उचलता येते, मालगाडी आली तं. गाडी पाह्यजे फक्त. आन् गाडीले रूळ पाह्यजे जाग्यावर." एवढं बोलून ते ड्रायव्हरच्या डोक्यावर उभे राहायला निघून गेले.

आमच्या लाइनवर एक देवी होती. गावापासून थोडं पुढं, ओढ्यावरच्या मोरीपाशी, म्हणजे छोट्या पुलापाशी, दोन रुळांच्या बरोबर मध्ये. शेंदूर लावलेला गोल दगड. त्याच्याभोवती ओटा, वर पत्र्याचं छप्पर, छपराचे पाय रुळांच्या बाहेर रोवलेले, एका पायाला घंटा. तिला सगळे लाइनमाय म्हणायचे. लग्न झाल्यावर सासूबाई मला पहिल्यांदा कुठं घेऊन गेल्या असतील तर लाइनमायला. तिथं लसमाबाई असायच्या. ऐन तरुणपणी नवरा गेलेली बाई, पोरबाळ नाही, भावाच्या घरच्या पडवीत राहायची. दर मंगळवारी ओटा सारवायच्या, देवीला पाणी घालायच्या आणि आलेल्या बायकांना कुंकू लावायच्या. गावात एरवी हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलवत नसे. पण लाइनमायच्या ओट्यावर सवाष्णी कपाळ पुढं करून उभ्या राहायच्या आणि लसमाबाई प्रत्येकीच्या कपाळाला नीट, सावकाश कुंकू लावायच्या. मलाही त्यांनीच लावलं होतं.

सर पक्के बौद्ध आणि त्याहून पक्के विज्ञानवाले. जयंतीला विहारात वस्तीतल्या पोरांना उभं करून प्रतिज्ञा म्हणवून घ्यायचे त्यात एक हमखास असायचं की दगडाधोंड्याला हात जोडणार नाही. माझ्या मनगटावरचा धागा पाहिला की ते अस्वस्थ व्हायचे. "हे काऊन बांधलं?" "सासूबाईंनी बांधलं." "त्याइच्याच हाताले बांधाले सांगा मंग." चमत्कारांवर बोलायला लागले की सातवीच्या वर्गाची हसून हसून मुरकुंडी वळायची.

म्हणून मला एक कोडं होतं. मिरच्यांना उठवणारा, बैलांना उठवणारा, भरल्या ताटावरच्या पाहुण्यांना उठवणारा हा माणूस लाइनमायला मात्र कधी उठवत नसे. तिच्यापाशी आला की हातोडा खाली घ्यायचा, लाइन सोडून खाली उतरायचा आणि ओढ्यातून वळसा घालून पलीकडं जायचा. तिच्याकडं बघायचा सुद्धा नाही. एकदा मी छेडलं, "सर, बाकी कुणाची भीती नाही, देवीची बरी आहे." ते हसले नाहीत. नेमका त्या वेळी त्यांना कुठल्यातरी वर्गावर तास आठवला.

मग एका वर्षी बातमी आली. कारखान्याच्या जागेवर मोठं गोदाम होणार. आपल्याकडच्या कापसाच्या गाठी आणि सोयाबीन इथून भरून जाणार, खत इथं येऊन उतरणार, आणि त्यासाठी जुनी लाइन दुरुस्त करून मालगाडी सुरू करणार. बातमी खरी आहे की उडवलेली, हे कुणालाच कळेना. सरांचं तर विचारूच नका. आधी चालायचे, आता पळायला लागले. सकाळी लाइन, दुपारी शाळा, सुट्टी झाली की आदिलाबाद. कुठल्या कुठल्या दफ्तरांत दरखास्त देऊन यायचे आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ॲसिडऐवजी पाणी ओतायचे. मी म्हटलं, "सर, जरा दम खा. लाइन कुठं पळून जात नाही." ते म्हणाले, "लाइन नाई जात, मॅडम. मन बदलते लोकाइचं."

शेवटी मुआयना करायला माणसं आली. दोन जीपगाड्या, टोप्या घातलेले इंजिनियर, मोजायच्या फिती. सगळं गाव त्यांच्या मागून चाललं, आमची शाळाही सुटल्यासारखीच होती. सर सगळ्यांच्या पुढं, हातोडा खांद्यावर. लाइन फारच चांगल्या हालतीत आहे म्हणून त्यांच्यातला मोठा इंजिनियर पुन्हा पुन्हा सांगत होता. बंद लाइनींचं लोखंड भंगारात गेलेलं असतं, इथं सगळं जागच्या जागी कसं, असं त्यानं विचारलंही. गावकऱ्यांनी सरांकडं बोट दाखवलं. सर पुढं चालत राहिले.

मोरीपाशी सगळे थांबले.

"ये तो मंदिर है," इंजिनियर म्हणाला. त्यानं बूट काढले, नमस्कार केला, मग टोपी हातात घेऊन डोकं खाजवलं. "देखिए, हम इसको हाथ नहीं लगाएँगे. गाँव राज़ी होके हटा ले तो ठीक. नहीं तो गोदाम के लिए गुडीहत्नूर की तरफ़ हाईवे पे जगह देखी है, वहाँ ट्रक से काम चल जाएगा. दिवाली के बाद हम फिर आएँगे."

गाव लगेच दोन झालं नाही, गाव एकच राहिलं. माय हलायची नाही. ज्यांच्या पोरांना गोदामात काम मिळणार होतं तेही म्हणाले, गाडी वाकडी न्या, मायला वाकडं करू नका. लसमाबाई ओट्यावर बसून होत्या. पदराच्या टोकानं घंटा पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सर मला म्हणाले, "मॅडम, जरा चाला माह्यासंगं." चप्पल खडीत अडकत होती, साडी कुसळांत अडकत होती, आणि हा माणूस एकेका स्लीपरवर पाय टाकत पुढं पळत होता. मोरीच्या अलीकडं ते थांबले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "ते मायबिय काई नाई. दगड मी बसवला."

मला वाटलं, ताणानं डोकं फिरलं.

मग त्यांनी सांगितलं. लाइन बंद पडल्यावर भंगारवाल्यांची नजर गेली. एकेका चावीनं सुरुवात झाली, मग सांध्याच्या पट्ट्या गेल्या. ही मोरी गावापासून लांब, इथून जास्त जायचं. तक्रार करायची कुणाकडं? कारखान्यालाच कुलूप. सरांनी रात्रीची राखण करून पाहिली, पण एकटा माणूस कुठवर जागणार. तेव्हा एक दिवस ओढ्यातून गोल दगड उचलला, आदिलाबादच्या बाजारातून शेंदूर आणला, भर दुपारी शेतं रिकामी असताना रुळांच्या मधोमध दगड ठेवून त्याला शेंदूर फासला आणि पुढं दोन फुलं टाकली. त्या दिवसापासून मोरीवरची एक चावी हलली नाही. चोरसुद्धा येऊन नारळ फोडून गेले.

"हाताचा शेंदूर निंगेना," सर म्हणाले. "घासलेट लावून घासला. दुसऱ्या रोजी वर्गात खिशात हात घालून शिकवलं. बाप तवा होता. त्याले दिसला असता तं मेलाच असता. त्यानं सोता आमच्या घरातले देव ओढ्यात सोडले होते. त्याच ओढ्यातून मी दगड आनला."

"मग काढला का नाही नंतर?"

"काढाचाच होता. दोनचार महिने राहू द्याचा, मंग काढाचा. काढाले गेलो तं लसमामावशी बसली होती तिथं. ओटा सारवून राह्यली होती. मले म्हने, सर, पाहा, माय आली." त्यांनी पायानं एक खडी लाइनखाली ढकलली. "कसा काढू, सांगा. आन् ठेवला तं ठेवला, वाढत गेला. आता गाडी येऊन राह्यली आन् माहाच दगड आडवा हाय."

मी हसले. मला खरंच हसू आलं. आणि मग त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि हसू गेलं.

मी म्हटलं, कुणाला सांगू नका. सांगून काय होणार? गाव चिडेल, वस्तीतले लोक तोंडावर थुंकतील, आणि लाइनमाय आहे तिथंच राहील. दुसरा काही मार्ग काढू. ते नाही म्हणाले. म्हणाले, "मावशीले खरं सांगतल्याबिगर तिले उठ म्हनाचा मले हक्क नाई."

पुढच्या मंगळवारी ओट्यापाशी गाव जमलं होतं. वस्तीतलेही आले होते, त्यांच्यात सरांचे चुलते, विहाराचं सगळं पाहणारे. सर लसमाबाईंच्या समोर जाऊन उभे राहिले. मी त्या माणसाला इतकी वर्षं पाहत होते, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचे पाय एका जागी पाहिले.

त्यांनी सगळं सांगितलं. ओढा, शेंदूर, भंगारवाले, काहीच लपवलं नाही. शेवटी हात जोडले. दगडाला नव्हे, लसमाबाईंना. "मावशी, मी तुमाले फसवलं. इतके वर्सं."

कुणीतरी शिवी दिली. कुणी म्हणालं, सरांना गाडीचं वेड लागलं, म्हणून काहीही रचून सांगतात. त्यांचे चुलते पुढं आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तू? पोरं तुह्या तोंडाकडं पाहून शपथ घेतात रे." सरांनी मान खाली घातली. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली, आणि त्यांच्याबद्दल इतका आदर मला आधी कधीच वाटला नव्हता.

लसमाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"शेंदूर तुमी लावला असन," त्या म्हणाल्या. "पन पानी कोन घातलं? ओटा कोन सारवला? ह्या गावात मले कोनी हळदीले बोलावते का, सर? नाई बोलावत. कुंकवाचं ताट माह्या हातात कोनं देल्लं? तुमी देल्लं का? मायनं देल्लं."

सरांनी जोडलेले हात तसेच धरून वर पाहिलं.

"दगड तुमचा असन तं न्या," लसमाबाई पुढं म्हणाल्या. "माय माही हाय. ते माह्यासंगं येईन. फक्त मले सांगा, आता ते बसन कुठं? मी तं भावाच्या पडवीत राह्यतो."

यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. माय हलायची नाही म्हणणाऱ्यांपैकी एकालाही आपल्या शेताचा कोपरा आठवेना. एकाच्या शेतात विहीर खोदायची होती, एकाच्या भावाभावांत वाटण्या व्हायच्या होत्या. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी मिस्टरांकडं पाहिलं, आणि मिस्टर ओढ्याकडं पाहायला लागले. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, मायबरोबर लसमाबाईही येणार, दर मंगळवारी, कुंकवाचं ताट घेऊन, घरच्या दारात.

"माह्या आंगनात बसन," सर म्हणाले.

चुलत्यांनी कपाळावर हात मारला. "आपल्या वस्तीत? तुह्या घरी देव?"

"मी दगड ठेवून राह्यलो, काका. देव मावशीचा हाय. माह्या घरी मावशी येईल."

दगड त्यांनी स्वतः उचलला. लसमाबाई पुढं चालल्या, घंटा हातात घेऊन. मागं सर, छातीशी दगड, नव्या शर्टावर शेंदूर. या खेपेला त्यांनी हात लपवले नाहीत. लाइन ओलांडून दोघं वस्तीत शिरले आणि विहारासमोरून गेले तेव्हा सरांनी तिथं थांबून, दगड तसाच छातीशी धरून, मान लववली. मग पुढं गेले.

हे सगळं त्यांना फुकट पडलं नाही. त्या वर्षी जयंतीला प्रतिज्ञा दुसऱ्या कुणी सांगितली. सर मागच्या रांगेत, पोरांच्या पाठीमागं उभे राहून म्हणत होते. चुलते त्यांच्याशी बोलायचे बंद झाले. गावातल्या बायका सुरुवातीला वस्तीत येईनात. लसमाबाई सरांच्या अंगणात एकट्याच पाणी घालायच्या, ताट घेऊन बसायच्या आणि ऊन चढलं की परत जायच्या. मग एका मंगळवारी माझ्या सासूबाई म्हणाल्या, "माय तिथं गेली तं आपनबी तिथं गेलं पाह्यजे," आणि मला घेऊन निघाल्या. आमच्या मागून हळूहळू चारदोन बायका यायला लागल्या. सरांच्या घरी पाऊल ठेवायची त्यांच्यातल्या कितीतरी जणींची ती पहिलीच वेळ होती.

छप्पर निघालं, ओटा निघाला, लाइन दुरुस्त झाली. सर रोज सकाळी काम करणाऱ्यांच्या डोक्यावर उभे असत. मुकादमानं त्यांना हात जोडले, मुख्याध्यापक जोडायचे तसेच. गाडीचा दिवस ठरला, तो नेमका मंगळवार निघाला. सगळं गाव लाइनच्या दोन्ही अंगांना जमलं. इंजिनला घालायला झेंडूचे हार, नारळ, आमच्या शाळेची पोरं, वस्तीतली पोरं, हैदराबादहून परत आलेले त्यांचे भाऊ. पत्ते खेळणारे म्हातारे रुळावरून कधी नव्हे ते आपणहून उठून बाजूला झाले होते. मुख्याध्यापक मला म्हणाले, "मॅडम, सर किधर हैं?" सर कुठंच नव्हते. मी वस्तीकडं पळत सुटले.

सर अंगणात होते. सर बसले होते.

मी फाटकाशीच थांबले. इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळं आधी वाटलं की दुसराच कुणी माणूस आहे. दगडाच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून, हातात लसमाबाईंचा पाण्याचा तांब्या. समोर लसमाबाई. बाकी अंगण रिकामं. मायकडं त्या दिवशी कुणीच आलं नव्हतं, सगळ्या गाडी बघायला गेल्या होत्या. ताटातल्या कुंकवाला बोटही लागलेलं नव्हतं.

लांबून भोंगा ऐकू आला. सरांच्या पायाचा अंगठा हलत होता, बाकी ते अगदी स्थिर होते.

"उठा सर, गाडी आली," लसमाबाई म्हणाल्या.

"येऊ द्या," सर म्हणाले. "तुमचं होऊ द्या."

लसमाबाईंनी त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि दगडावर पाणी घालायला लागल्या. लाइनकडून टाळ्या, शिट्ट्या, नारळ फुटल्याचे आवाज येत होते. मग डब्यांचा आवाज सुरू झाला, जड, सावकाश, एकामागून एक. सर मान तिरकी करून ऐकत होते. एका जागी तो आवाज थोडा बदलला, पोकळ झाला.

"मोरीवरून चालली," ते म्हणाले.

लसमाबाईंनी हात थांबवला. शेवटचा डबा मोरीवरून जाईपर्यंत तांब्या तसाच तिरका धरून दोघं ऐकत राहिली. मी चप्पल फाटकाशी काढली, आत गेले आणि कपाळ पुढं करून लसमाबाईंसमोर बसले.